तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरी सांभाळून दूरशिक्षणाची पदवी परवडते का?

गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे, शाळेत कंत्राटी शिकवणारे, बारावीनंतर घरच्या दुकानात बसलेले, सगळ्यांचे प्रश्न दोनच: दूरशिक्षणाची पदवी चालते का, आणि घातलेला खर्च वसूल होतो का?

चालते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेली दूरशिक्षण पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. त्या अभ्यासक्रमाला, तुम्ही प्रवेश घेता त्याच सत्रासाठी मान्यता हवी. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ती यादी मिळते. पैसे भरण्यापूर्वी पाहा आणि ते पान पीडीएफ करून ठेवा, पुढे नोकरीच्या पडताळणीत उपयोगी पडतं. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा आणि हॉटेल मॅनेजमेंट दूरशिक्षणातून देताच येत नाही. औषध कंपन्या आणि हॉटेलं असलेल्या गोव्यात नेमकी याच अभ्यासक्रमांची आमिषं जास्त चालतात.

दुसरी अडचण हद्दीची. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मराठी माध्यम आपल्याला जवळचं वाटतं, पण राज्य विद्यापीठाचं दूरशिक्षण त्या राज्यापुरतंच असतं. त्यामुळे गोव्यात कुणी परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘केंद्र’ म्हणून पाटी लावली असेल, तर तिथून परत फिरा. ऑनलाइन अभ्यासक्रमांना हद्द नाही. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ देशभरासाठी आहे, त्याचं विभागीय केंद्र पर्वरीला आहे. साहित्य मात्र बहुतेक इंग्रजी-हिंदीत. शाळा मराठीत झालेल्यांना पहिले सहा महिने जड जातात.

प्रवेशाला आता डीईबी-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, लागतो. तो आधार आणि एबीसी आयडीवरून (श्रेयांक जमा होतात त्या खात्याच्या क्रमांकावरून) विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. एजंटने स्वतःचा मोबाइल नंबर टाकून काढला, तर ओटीपी कायम त्याच्याकडे जातो. आपल्याकडे नावाचा घोळही होतो: जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, आधारवर इंग्रजी वळणाने, गुणपत्रिकेवर तिसरंच. ते आधी एकसारखं करून घ्या.

आता खर्च. लोक फक्त फी मोजतात, आणि ती खरोखरच कमी असते. पण त्याशिवाय प्रत्येक पेपरचं परीक्षा शुल्क वेगळं, नापास झाल्यास पुन्हा. इग्नू छापील पुस्तकांऐवजी डिजिटल साहित्य घेतल्यास फीमध्ये १५ टक्के सूट देतं. पण पुढे तेच झेरॉक्स करून घेणार असाल तर सूट वाया जाते. कदंब बसमधून पणजी-मडगाव करताना वाचायला पुस्तकच बरं.

खरी किंमत तासांत मोजावी लागते. इग्नूमध्ये १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८० श्रेयांकांचं एम.ए. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २३ तास. शिफ्ट करून हे जमत नाही, आणि बहुतेकांचं शिक्षण इथेच अडतं. पण त्याच एम.ए.ला चार वर्षांची मुभा आहे. तीन वर्षांचा बेत आखला तर आठवड्याला साधारण १५ तास पुरतात, आणि कमाल मुदतीच्या आत अभ्यासक्रमाची फी पुन्हा भरावी लागत नाही. पहिल्या परीक्षेला सगळे पेपर देण्याचा हट्ट सोडा, दोन-तीनच द्या.

स्वाध्यायांना, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांना, सहसा ३० टक्के गुण, सत्रान्त परीक्षेला ७०. दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. परीक्षा उत्तम गेली पण स्वाध्याय राहिला, म्हणून निकाल ‘अपूर्ण’ दिसणारे खूप असतात. डिसेंबरच्या परीक्षेचे स्वाध्याय सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास द्यायचे असतात, म्हणजे चवथीची (गणपतीची) गडबड ओसरते न ओसरते तोच. जूनचे मार्च-एप्रिलच्या सुमारास, शिगम्याला (होळीच्या सणाला) लागून. उत्तरं हाताने लिहायची आणि प्रश्नपत्रिका चालू सत्राचीच वापरायची, जुन्या सत्रावरून लिहिलेली उत्तरं फुकट जातात. जमा करताना पोचपावती घ्या आणि पानांचे फोटो ठेवा.

मिळतं काय, तर पात्रता. बँकेच्या, केंद्राच्या, राज्याच्या ज्या जागांना ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ लागतो, तिथे हीच पदवी पुरते. बढती अडली असेल तर फायदा रोख आहे. २०२२ पासून नियमित पदवीसोबत दूरशिक्षणाची दुसरीही घेता येते. प्रयोगशाळेतला हात आणि वर्गातल्या ओळखी मात्र यातून मिळत नाहीत, त्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मी कॉलेजच सुचवीन. बी.कॉम. करून अकाउंट्सच्याच नोकरीत असलेल्याने एम.कॉम.ला बिनधास्त प्रवेश घ्यावा.

जहाजावर जाणाऱ्यांनी करार हातात घेऊनच फॉर्म भरावा. इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, केंद्रावर बसून. दोन्ही महिन्यांत तुम्ही समुद्रातच असाल, तर घरबसल्या कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली परीक्षा घेणारा ऑनलाइन अभ्यासक्रम बघा, आणि त्याआधी जहाजावरचं इंटरनेट तीन तास टिकतं का ते तपासा.