नवा कॉम्प्युटर आणि आडवा आलेला स्कॅनर

माझा लॅपटॉप २०१६ चा. चालत होता, म्हणजे बटण दाबून आंघोळ उरकून आलं की तयार असायचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं तरी मी ढिम्म, मला वाटलेलं ११ टाकू की, त्यात काय. टाकायला गेलो तर मशीन चालणार नाही असा मेसेज. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, माझा सहाव्या पिढीचा. जुगाड करून टाकता येतं पण ज्या मशीनवर बँकेची कामं करायची तिथे मला जुगाड नको होता.

आता घरात मेहुणा मॅकवाला, भाचा गेमवाला आणि ऑफिसातला मित्र लिनक्सवाला, म्हणजे सल्ल्याला तोटा नाही. मेहुणा म्हणे "दाजी, एकदाचा मॅक घ्या आणि सुटा." भाचा म्हणे "मामा, मॅकवर निम्मे गेम चालत नाहीत." अरे पण मी कधी गेम खेळतो? ते त्याला ऐकूच येत नाही.

मेहुण्याने त्याचा मॅकबुक एअर चार दिवस वापरायला दिला, हे मात्र खूप बरं केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिप आणली तेव्हापासून प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी सगळं एकाच पॅकेजमध्ये, आणि एअरमध्ये तर पंखाच नाही. रात्री काम करताना आवाज शून्य. ट्रॅकपॅडच्या तर मी प्रेमातच पडलो. तिसऱ्या दिवशी माझी फोटोंची हार्डडिस्क लावली, फोटो दिसतायत पण त्यात काही सेव्ह होईना, मला घाम फुटला की डिस्क गेली. गेली नव्हती, डिस्क एनटीएफएस (विंडोजचा फाइली साठवायचा फॉरमॅट) होती आणि मॅकओएस एनटीएफएस वाचतं पण आपणहून त्यावर लिहीत नाही. मेहुणा म्हणाला, एक्सफॅट फॉरमॅट करून घ्या, दोन्हीकडे चालतं. चालतं हो, पण फॉरमॅट केलं की डिस्क रिकामी, आणि तोवर दोन टीबी फोटो ठेवू कुठे, डोक्यावर?

मग लावला स्कॅनर. खरी रड इथेच होती. आमच्याकडे घरातल्या जुन्या फोटोंचे सात खोके आहेत, ते स्कॅन करायचं काम मी अंगावर घेतलंय आणि स्कॅनर माझ्या लॅपटॉपपेक्षाही म्हातारा. कंपनीने त्याचे नवे ड्रायव्हर (कॉम्प्युटरला स्कॅनर चालवता यावा म्हणून लागणारे प्रोग्राम) काढायचं कधीच सोडलंय. मॅकला तो दिसलाच नाही. मॅक परत.

मग नवे विंडोज लॅपटॉप बघायला लागलो. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्सवाले आलेत, एआरएम चिपचे (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीची चिप), बॅटरी भरपूर चालते, दिसायलाही झकास. जवळजवळ घेतलाच होता, पैसे भरायच्या आदल्या रात्री सहज वाचत बसलो आणि वाचलो! त्यावर जुने इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम एमुलेशनने चालतात, म्हणजे मधे एक दुभाषा बसवलेला असतो. पण ड्रायव्हर थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, आत काम करतो आणि तिथे या दुभाष्याला प्रवेश नाही, ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. माझ्या स्कॅनरचा अर्थातच नव्हता. एका डबड्यापायी सगळं अडलेलं. बायको म्हणाली नवा स्कॅनर घे ना, तर ते मला का सुचलं नाही माहीत नाही, बहुतेक हट्ट.

दरम्यान एक काम मात्र डोकं वापरून केलं. दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं की कॉम्प्युटरवर नक्की काय करतो. ब्राउजर, ब्राउजर, हिशोबाची एक्सेल, स्कॅनिंग, फोटो साफ करणं, परत ब्राउजर. आणि दोन आठवड्यात लॅपटॉप टेबलावरून एकदाही हलला नव्हता!! त्याच आठवड्यात टचपॅडचं क्लिक अडकायला लागलं, लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, उघडून घेतला तर बॅटरी फुगलेली. वर्षानुवर्षं चार्जर लावूनच ठेवायचो, त्याचाही हातभार असणार. बॅटरी काढून टाकली (फुगलेली बॅटरी असेल तर वापरू नका, आणि टोचून तर अजिबात बघू नका), आता तो नुसत्या चार्जरवर चालतो. म्हणजे माझ्याकडे डेस्कटॉपच होता, फक्त मी त्याला लॅपटॉप म्हणत होतो.

लिनक्सवाल्या मित्राने पेनड्राइव्हवर मिंट (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजच्या जागी चालणारा) टाकून दिलं. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं हे मला माहीतच नव्हतं, विंडोजला धक्काही लागत नाही. स्कॅनर लावला, स्कॅनचा प्रोग्राम उघडला, स्कॅनरचं नाव तिथे आलेलं. कसलाही ड्रायव्हर न टाकता. लिनक्सवर सेन नावाचा प्रकार आहे, त्यात लोकांनी कित्येक जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर लिहून ठेवलेत, त्यात माझाही निघाला. मग जुन्या लॅपटॉपवर मिंटच कायमचं टाकलं.

आता स्कॅनर मधून बाजूला झाल्यावर नवं मशीन काहीही चाललं असतं. मॅक मिनी आणि असेंबल केलेला टॉवर यात आठवडाभर लटकलो. एम४ मिनीत १६ जीबी रॅम अगदी खालच्या मॉडेलला पण मिळते, एवढुसा डबा, आवाज नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, जे काय ते घेतानाच, आणि त्या मॉडेलची २५६ जीबी जागा माझ्या फोटोंना कशी पुरणार, बाहेरून डिस्क लटकवा मग. टॉवरमध्ये डिस्क आत बसते, भरली की अजून एक बसते, आणि एनटीएफएसची कटकट नाही. टॉवर घेतला, विंडोज ११.

त्यातही माती खाल्लीच. पुढे वाढवता येईल म्हणून १६ जीबीची एकच रॅम घेतली, मित्र म्हणाला आठ आठच्या दोन घ्यायच्या होत्यास, ड्युअल चॅनल मिळालं असतं, म्हणजे दोन्ही रॅम एकदम कामाला लागून वेग वाढला असता, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की त्याचा फरक जास्त पडतो. आता १६ ची दुसरी घेईन, म्हणजे ३२ होईल, ज्याची मला काही गरज नाही.

मेहुणा परवा आला होता, पाच मिनिटं बसला आणि विचारतो कसा, "दाजी, हा आवाज कसला येतोय?" पंख्याचा रे बाबा. त्याच्या शेजारी बिनबॅटरीचा लॅपटॉप स्कॅन करत होता, तिसरा खोका चालू आहे.