मालदांडी मॅश टनात बसली तो दिवस

पुण्यातल्या क्राफ्ट बिअरच्या फळ्यावर हल्ली एखादं तरी देशी नाव असतंच. मे महिन्यात हापूस, पावसाळ्यात आलं नि गवती चहा, कोकम तर बारमाही. त्यात वाईट काही नाही. कोकम घातलेली आंबट बिअर मीही करते आणि मनापासून करते. पण ग्लासातलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बऱ्याचदा जर्मनी-बेल्जियमहून आलेलं असतं, बिअरला कडूपणा देणारे हॉप्स अमेरिकेचे नाही तर झेक प्रजासत्ताकाचे, यीस्ट प्रयोगशाळेच्या पाकिटातलं. आपलं म्हणावं असं उरतं ते पाणी, आणि वरून घातलेलं फळ. हॉप्सचं मी समजू शकते. त्या वेलीला फुलोऱ्यावर यायला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, आपल्याकडे ते मिळत नाहीत. भारतात हॉप्स झाले ते हिमाचलातल्या लाहौलसारख्या ठिकाणी. पण धान्याचं काय? ज्वारीच्या मुलखात राहून धान्य बाहेरून का आणायचं, हे मला कधी पटलं नाही.

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि आता पूर्व पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच विकली जाते अशा बारमध्ये, ब्रुअर आहे. 2009 साली पुण्यात डूलाली नावाचं ब्रूपब सुरू झालं, त्यानंतर तिथे प्यायलेल्या गव्हाच्या बिअरने मला या कामाकडे ओढलं. केळं आणि लवंगेचा वास येणाऱ्या त्या बिअरमध्ये ना केळं होतं ना लवंग, ती सगळी यीस्टची करामत होती. हे कळल्यावर मला दुसऱ्या कशात रस वाटेना. लोकांना वाटतं ब्रुअर दिवसभर चवी घेत फिरत असेल. प्रत्यक्षात आमचा बहुतेक दिवस धुण्यात जातो. पहाटे गमबूट चढवायचे, टाक्यांतून गरम कॉस्टिक फिरवायचं, मग पाणी, मग अ‍ॅसिड, पुन्हा पाणी. उन्हाळ्यात आमच्या भागात टँकरचं पाणी येतं आणि एका टँकरचं पाणी दुसऱ्यासारखं नसतं. म्हणून ते आरओतून काढायचं नि त्यात कॅल्शियम क्लोराइड, जिप्सम तोलून घालायचं. एवढं सगळं झाल्यावर धान्याला हात लागतो.

ज्वारी मंगळवेढ्याची घ्यायची हे माझं ठरलेलं होतं. तिथली काळी, खोल, भेगाळणारी जमीन, परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारं रब्बीचं पीक, आणि मालदांडी हे वाण. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ब्रुअरच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे दाणा पांढरा, मोत्यासारखा टपोरा आणि टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जवळजवळ नसलेला. लाल ज्वारीतलं टॅनिन माल्टमधल्या एन्झाइमना आडवं येतं, इथे ती भानगड नाही.

ज्वारीची बिअर ही काही माझी कल्पना नव्हे. आफ्रिकेत ती पिढ्यान् पिढ्या घरोघरी होत आली आहे. नायजेरियाने 1988 साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्यावर बिअर करायला शिकावंच लागलं, आणि ते शिकले. मी निवडलेला प्रकार मात्र बेल्जियमच्या वालोनियातला, सेझाँ. ती शेतावरची बिअर. हिवाळ्यात करून ठेवायची आणि उन्हाळ्यात राबणाऱ्या माणसांना द्यायची. शेतात जे धान्य असेल ते त्यात चाले. शिवाय तिचं यीस्ट पंचवीस-तीस अंशांच्या उबेत खुलतं, म्हणजे पुण्याच्या मे महिन्यात चिलरवरचा भारही कमी.

अडचण एकच, पण मूळची. बार्लीच्या माल्टमधले एन्झाइम पिष्टाची साखर करतात, साधारण पासष्ट अंशांच्या आसपास. सत्तरीच्या पुढे त्यातले महत्त्वाचे एन्झाइम मरायला लागतात. आणि ज्वारीचं पिष्ट नीट फुलायला सत्तर-पंचाहत्तर अंश लागतात. एकाच भांड्यात, एकाच वेळी दोन्ही साधत नाही. त्यामुळे ज्वारीचा भरडा आधी वेगळा शिजवायचा, थोडा निववायचा आणि मग माल्टच्या मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या माल्टमध्ये, मिसळायचा. जिने आयुष्यभर भाकऱ्या थापल्या तिला हे सांगावं लागत नाही. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा द्यायचा तर गरम पाणी लागतं, हे तिच्या हाताला ठाऊक असतं.

छोट्या भांड्यातल्या चाचण्या चांगल्या निघाल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण 500 लिटरचा ब्रू लावायचा होता, साठ किलो बार्ली माल्ट आणि चाळीस किलो मालदांडी. आदल्या संध्याकाळीच ज्वारी घेऊन तात्या आले होते. तात्या म्हणजे ज्यांच्या रानातली ही ज्वारी, ते मंगळवेढ्याकडचे शेतकरी. साठी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ. मुलीकडे हडपसरला मुक्काम होता, म्हणून पोती स्वतःच घेऊन आले. ज्वारी कशासाठी हवी आहे हे मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. ते लपवून धान्य घेणं मला जमलं नसतं. त्यांनी बराच वेळ घेतला आणि नंतर स्वतःहून फोन करून भाव सांगितला. तेव्हाच त्यांनी एक प्रश्न विचारला होता, जो मला कुठल्याही ब्रुअरने विचारला नव्हता. "मोड आणनार का ज्वारीला? मग चोथा जनावराला घालू नका. किराळ लागंल."

त्यांचं बरोबर होतं. कोवळ्या ज्वारीत आणि तिच्या मोडांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, त्याने जनावरं दगावतात. ज्वारीचं माल्ट करताना म्हणूनच मोड आणि मुळ्या काढून टाकाव्या लागतात. आम्ही मोड आणणार नव्हतो, नुसता भरडा शिजवणार होतो. तरी आमचा चोथा मांजरी गावातल्या एका गोठ्यात जातो, त्यामुळे हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला.

सकाळी तात्या पुन्हा आले. पुढच्या बाजूने, बारमधून, आत यायला ते तयार नव्हते. मागच्या दाराने आले, जिथे पोती उतरतात तिथून. भट्टीपाशी खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

केटलमध्ये भरडा, पाच किलो माल्ट आणि पाणी. आधी सत्तर अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, मग उकळी. माल्ट आधी घालायचं कारण इतकंच की ते लापशी थोडी पातळ करतं, नाही तर वल्हं फिरत नाही. उकळी फुटली आणि सगळ्या खोलीत कण्या शिजल्याचा वास भरला. स्टीलच्या टाक्या, पंप, होजपाइप, आणि त्यात तो वास. तात्या म्हणाले, "आता ताक घालून मीठ टाका, झाली आंबील." मी आणि माझा सहकारी आळीपाळीने ढवळत होतो, कारण तळाला लागलं तर करपट वास बिअरमधून शेवटपर्यंत जात नाही.

पुढे मॅश टनात, म्हणजे तळाला जाळी असलेल्या भांड्यात, माल्टमध्ये हे शिजवलेलं हळूहळू ओतलं, काटा पासष्टवर आणला आणि झाकण लावलं. तासाभराने पांढऱ्या बशीत गाळलेल्या वर्टचा, म्हणजे धान्यातून निघालेल्या गोड पाण्याचा, एक थेंब घेतला, शेजारी आयोडीनचा एक. दोन्ही मिळाले आणि जांभळट काळा रंग फुटला. शाळेत बटाट्याच्या फोडीवर करतात तीच परीक्षा. पिष्ट अजून शिल्लक होतं. थांबलो. पुढच्या थेंबाला कडेने तपकिरी छटा. त्यानंतरच्या थेंबाला आयोडीन आपल्या मूळ पिवळसर तपकिरी रंगात तसंच राहिलं. साखर झाली होती. मी वर्ट गाळायचा व्हॉल्व्ह उघडला.

पहिले काही लिटर वाहिले आणि धार बारीक झाली. मग करंगळीएवढी. मग थेंब थेंब. पंप कोरडा घरघरायला लागला म्हणून मी तो बंद केला. धान्याचा थर तळाच्या जाळीवर घट्ट बसला होता. बार्लीला साल असते आणि ती सालच गाळणीचं काम करते. ज्वारीला ती नसते. म्हणून आम्ही मावळातल्या गिरणीवरून आणलेला भाताचा तूस धुऊन, उकळून मॅशमध्ये घातला होता. चाचण्यांच्या हिशोबाने तो पुरायला हवा होता.

अशा वेळी घाई मारते. पंपाने जोर लावला तर थर आणखी आवळतो. मॅश थंड झाली तर ती आणखी चिकट होते. म्हणून आधी वरून गरम पाणी घालून काटा पंचाहत्तरच्या पुढे नेला आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. मग उलट्या बाजूने, जाळीच्या खालून, अठ्ठ्याहत्तर अंशांचं पाणी सोडलं, थर उचलला जावा म्हणून. मधोमध थोडा फुगला, कडेने हलेना. सहकारी वल्हं घेऊन कापायला लागला. त्याचा हात भरून आला तसे तात्या पुढे झाले.

"अजून दारू न्हाई ना झाली ह्याची?"

"नाही तात्या. यीस्ट घालेपर्यंत ही साखरेची पेजच आहे."

त्यांनी हात धुतले, बाह्या सारल्या आणि वल्हं घेतलं. ढवळलं नाही. कडेकडेने खाली दाबत, उभे काप देत गेले. हुरड्याच्या दिवसांत भट्टीतली राख सारणारे हात होते ते. मधेच वल्ह्याला चिकटलेला गोळा त्यांनी बोटांत घेऊन चोळला. अंगठा नि तर्जनी वेगळी केल्यावर त्यात तार ओढली गेली. "नवी ज्वारी हाय ही, मार्चात काढलेली. आणि दळण कालचं. हिला विरी लई. जुन्या ज्वारीचं पीठ आसं ताणत न्हाई." आमच्या चाचण्या आदल्या वर्षीच्या धान्यावर झालेल्या होत्या.

मी उरलेला सगळा तूस उकळत्या पाण्यातून काढला आणि आम्ही तो मॅशमध्ये खालपर्यंत कालवला. मग हात लावायचा नाही असं ठरवून थांबलो, थर पुन्हा नीट बसेपर्यंत. पंप लावलाच नाही. व्हॉल्व्ह पाव उघडला आणि नुसत्या उताराने वाहू दिलं. आधी गढूळ आलं, ते वर परत ओतलं. पुन्हा ओतलं. हळूहळू धार स्वच्छ झाली, सोनेरी, आणि टिकली. ती पेन्सिलीएवढीच होती, पण मला मोठी करायची नव्हती. एरवी दीड तासात होणारं काम दुपारी चारपर्यंत चाललं. तात्यांना वाटीभर गोड वर्ट दिला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला आणि म्हणाले, "काकवीवानी लागतंय." वाटी संपवली.

उकळी, हॉप्स, थंड करणं, यीस्ट, हे सगळं रात्री दहापर्यंत उरकलं. हायड्रोमीटरवर वर्टची घनता 1.046, ठरवलं होतं त्याच्या अगदी जवळ. तात्या पाचलाच निघाले होते. जाताना त्यांनी चोथ्याची पोती उघडून पाहिली, मूठभर हुंगली आणि गोठेवाल्याला सांगायला लावलं की पहिल्या दिवशी थोडंच घाल, वैरणीत मिसळून.

बिअर बावीस दिवसांनी नळावर आली. घनता 1.004 पर्यंत उतरलेली, साडेपाच टक्के, कोरडी, फिकट, वरचा फेस पांढरा आणि टिकणारा. मिरी आणि संत्र्याच्या सालीचा वास यीस्टचा. पण घोट गिळल्यावर जिभेवर जे मागे राहतं ते भाकरीचं, आणि ते कुठल्याही माल्टमधून आलेलं नाही. मला या कामातलं याहून मोठं समाधान माहीत नाही. एक मात्र प्रत्येकाला सांगावं लागतं: ज्वारीत ग्लूटेन नसलं तरी या बिअरमध्ये बार्ली आहे, त्यामुळे ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांनी ही पिऊ नये.

नावावरून वाद झाला. आमच्याकडच्या काहींना तिला दामाजीपंतांचं नाव द्यायचं होतं. मंगळवेढा म्हटलं की लोकांना तेच आठवणार, असं त्यांचं म्हणणं. मी विरोध केला. दुष्काळात सरकारी कोठारं उपाशी माणसांसाठी उघडणाऱ्या संताचं नाव दारूच्या फळ्यावर लिहायचं नसतं, मग ती कितीही चांगली असो. तात्यांना फोन केला तर ते म्हणाले, "गावाचं नाव टाका, ज्वारीचं टाका. त्येंचं नगं." मालकांनी ऐकलं. फळ्यावर 'मालदांडी सेझाँ, मंगळवेढ्याची ज्वारी' एवढंच आहे.

पुढच्या खेपेला भरडा जाड ठेवला, तूस वाढवला, ज्वारी तीस किलोवर आणली. मॅश अडली नाही. पण भाकरीची चव थोडी मागे गेली आणि ते मला खटकतंय, म्हणून आता पस्तीसवर करून बघणार आहे. तात्यांनी यंदा आमच्यासाठी धान्य वेगळं काढून ठेवायचं कबूल केलंय, काढणीनंतर दोन-तीन महिने मुरलेलं. भाव बाजारापेक्षा वर धरलाय आणि मला तो रास्त वाटतो.