पिशवी कुठे अडकवायची?

सोलापूरकरांचा आकाशाशी असलेला व्यवहार जुना आणि बराचसा उधारीचा आहे. होटगी रस्त्यावर विमानतळ होता, धावपट्टीही होती, परंतु विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. त्या चिमणीवरून सभा, मोर्चे आणि न्यायालयातील तारखा इतकी वर्षे चालल्या की विमान हा आमच्याकडे प्रवासापेक्षा राजकारणाचा विषय होऊन बसला. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. अशा गावात कोणी येऊन ‘लवकरच सामान्य माणूस पाठीला जेटपॅक हे उडते यंत्र बांधून कामावर जाईल’ असे सांगू लागला, तर ऐकणारा ‘कधी?’ असे विचारत नाही. ‘वाटेत काय काय आहे?’ असे विचारतो. मला हा प्रश्न रास्त वाटतो.

वास्तविक हे यंत्र स्वप्नातले राहिलेले नाही. २० एप्रिल १९६१ रोजी अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळ हॅरॉल्ड ग्रॅहम नावाचा तरुण बेल कंपनीचा ‘रॉकेट बेल्ट’ पाठीला बांधून, कोणत्याही दोराच्या आधाराविना उडाला. त्याने १३ सेकंदांत सुमारे ३४ मीटर अंतर कापले. वेंडेल मूर या अभियंत्याच्या त्या यंत्रात आग नव्हती. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या जाळ्यांवरून सोडले की त्याचे विघटन होऊन ७०० अंशांच्या वर तापलेली वाफ आणि प्राणवायू जोराने बाहेर पडत, आणि त्या झोताच्या प्रतिक्रियेने माणूस उचलला जाई. चांदीचा इतका उधळा उपयोग आमच्या सराफ बाजारातील कोणालाही रुचला नसता. टाकीत मावेल तेवढ्या इंधनावर हे उड्डाण फार तर २१ सेकंद टिके. सैन्याने यंत्र पाहिले, राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पाहिले, सर्वांनी कौतुक केले आणि कोणी ते कामाला लावले नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला बिल सूटर हा वैमानिक त्याच जातीचे यंत्र घेऊन मैदानात उतरला. युद्धासाठी जन्मलेल्या यंत्राला समारंभात नोकरी मिळाली, ही गोष्ट पुढील विचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आता वाफेची जागा रॉकेलसारख्या इंधनावर चालणाऱ्या लहान टर्बाइन इंजिनांनी घेतली असून सेकंदांची मिनिटे झाली आहेत. २०१५ मध्ये डेव्हिड मेमन याने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोर आपला जेटपॅक उडवून दाखविला. ४ ऑगस्ट २०१९ रोजी फ्रँकी झापाटा हा फ्रेंच गृहस्थ पायाखालच्या उडत्या फळीवर उभा राहून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. खाडी पार करण्यास त्याला २० मिनिटांच्या वर लागले आणि मध्ये एका बोटीवर उतरून इंधन घ्यावे लागले. इंग्लंडमधील रिचर्ड ब्राउनिंगचा उडता पोशाख २०१८ मध्ये लंडनच्या एका प्रतिष्ठित दुकानात ३,४०,००० पौंडांना विक्रीस ठेवला होता. त्या किमतीचे रुपये मी करून पाहिले आणि लगेच पुसून टाकले. किमतीचे फारसे काही नाही. मोबाइल फोन एके काळी कोणाच्या हाती होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. यंत्रे स्वस्त होतात. माझी शंका निराळी आहे, आणि ती ब्राउनिंगच्या पोशाखाचे चित्र पाहताना मनात आली.

त्या पोशाखात पाच इंजिने असतात. एक पाठीवर आणि उरलेली चार दोन्ही हातांवर, प्रत्येकी दोन. हात शरीरापासून जरा बाजूला, खालच्या दिशेला ताठ धरायचे. ते किंचित पसरले की माणूस खाली येतो, शरीराजवळ घेतले की वर जातो. म्हणजे सुकाणू, ब्रेक आणि गतिवर्धक ही सगळी कामे हातांनाच करावी लागतात. कल्पना अतिशय बुद्धिमान आहे, यात शंका नाही. परंतु मंगळवार बाजारात जाणाऱ्या माणसाने पिशवी कुठे अडकवायची?

हा प्रश्न मी थट्टेने विचारत नाही. आपण घराबाहेर पडतो ते बहुतेक वेळा काहीतरी नेण्यासाठी किंवा आणण्यासाठी. ज्वारी दळून आणायची असते, सिलिंडरची सोय पाहायची असते, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना परत जाताना द्यायला चादर, कडक भाकरीचा पुडा आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायची असते, आईला डॉक्टरांकडे न्यायचे असते. शंभर सीसीची साधी मोटारसायकल जेमतेम आठ अश्वशक्तीत नवरा, बायको, टाकीवर बसलेले मूल आणि हँडलला लटकलेली मेथीची जुडी एवढा संसार सात रस्त्यावरून सुखरूप पार नेते. त्या उडत्या पोशाखाची शक्ती हजार अश्वशक्तीच्या वर सांगितली जाते, आणि तीत जातो तो एकटा, मोकळ्या खिशाचा, तंदुरुस्त गृहस्थ.

एवढी शक्ती का लागते, याचे उत्तर आमच्या जिल्ह्यातच आहे. नान्नजचे अभयारण्य ज्याच्यासाठी राखले, तो माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अतिशय वजनदार पक्षी. त्याचा नर १५ किलोपर्यंत भरतो. आफ्रिकेतील त्याचा भाऊबंद याहून थोडा जड असतो, आणि आज हयात असलेल्या पक्ष्यांत पंखांच्या बळावर उडण्याची मर्यादा जवळपास तिथेच संपते. माळढोकसुद्धा शक्यतो चालतो; उडणे त्याला महागात पडते. मग सत्तर किलोंचा माणूस आणि त्यावर पंचवीस-तीस किलोंचे यंत्र हवेत धरून ठेवायचे म्हणजे निसर्गाने ओढलेल्या रेषेच्या कितीतरी पलीकडे जाणे झाले. त्यातही हवेत तरंगण्याचा एक हिशेब आहे. पुष्कळ हवा सावकाश खाली ढकलली तर तेवढाच आधार कमी खर्चात मिळतो. थोडी हवा प्रचंड वेगाने फेकली तर खर्च अनेक पटींनी वाढतो. म्हणून हेलिकॉप्टरला एवढी मोठी पाती असतात. जेटपॅकला पाती नको असतात, आटोपशीरपणा हवा असतो, आणि त्या आटोपशीरपणाचे मोल तो इंधनाने चुकवतो. काही मिनिटांत टाकी रिकामी होते ती याच कारणाने, अभियंत्यांच्या आळसामुळे नव्हे. त्यात उष्ण हवा विरळ असते आणि विरळ हवेत टर्बाइनचा जोर कमी होतो. एप्रिल-मेमध्ये जिथे पारा चाळिशीच्या वर सहज जातो, तिथे भर दुपारी, पायघोळ संरक्षक पोशाख आणि हेल्मेट घालून, कमी जोराच्या इंजिनावर कोण उडेल? त्या वेळी शहाणा सोलापूरकर पंख्याखाली आडवा झालेला असतो.

काही कामांसाठी मात्र हे यंत्र खरोखर मोलाचे ठरू शकेल, हे मान्य करावे लागते. २०२० मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील डोंगरात एका हवाई रुग्णवाहिका संस्थेबरोबर चाचणी झाली. जिथे पायी पोहोचायला २५ मिनिटे लागली असती, तिथे उडणारा माणूस ९० सेकंदांत पोहोचला. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लष्करानेही ४८ जेटपॅक घेण्यासाठी प्रस्ताव मागविले होते. उंच डोंगर आणि अवघड सीमा यांचा विचार करता त्यात वावगे काहीच नाही. मात्र २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर येऊन माढा-मोहोळ भागातील गावे पाण्याने वेढली गेली, तेव्हाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणला की पुन्हा तोच हाताचा प्रश्न उभा राहतो. जेटपॅकवरून मदत करणारा जाऊ शकेल, औषधाची पेटी अंगावर बांधून छपरावर उतरू शकेल, धीरही देऊ शकेल. पण त्या छपरावर बसलेल्या म्हातारीला तो घेऊन येऊ शकत नाही. त्यासाठी नावच लागते. नावेला वेग नसेल, पण तिच्यात जागा असते.

समजा, हे सारे दोष उद्या नाहीसे झाले. तरीही उतरायचे कुठे, हा प्रश्न उरतो. आमच्या गल्ल्यांवर केबलच्या आणि विजेच्या तारांचे इतके दाट जाळे आहे की वरून पाहणाऱ्याला तो मागावर चढवलेला ताणाच वाटावा. मोकळी जागा म्हणजे गच्ची, आणि उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात, रात्री माणसे झोपलेली असतात. एकदा त्या तप्त झोताने वर्षाच्या कुरडया शेजारच्या वाड्यात जाऊन पडल्या, की हवाई वाहतुकीचे नियम सरकारने करण्याची वाट कोणी पाहणार नाही. ते त्याच संध्याकाळी मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत, मोठ्या आवाजात जाहीर होतील. सरकारी नियमही सोपे नसतील. साध्या ड्रोनसाठीसुद्धा विमानतळाभोवतीचा ८ किलोमीटरचा टापू परवानगीचा मानला जातो, आणि आमचा विमानतळ गावाला इतका खेटून आहे की बहुतेक शहर त्या टापूतच येते. इतक्या वर्षांनी मिळालेल्या विमानाच्या वाटेत आता माणसांची चिमणी उभी करायला कोण तयार होईल?

त्यामुळे मला वाटते की सामान्य माणसाच्या वाट्याला जेटपॅक येईल तो वाहन म्हणून नव्हे, जत्रेतला पाळणा म्हणून. बेलच्या रॉकेट बेल्टचे तेच झाले आणि त्यात त्याची अप्रतिष्ठा झाली असे मी मानत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, उभा राहतो, तेव्हा आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांच्या शेजारी एक तंबू असेल. वर भक्कम दोर, खाली जाड गाद्या, कानात बोळे, आणि मिनिटाचे तिकीट. ज्या यंत्राला काही मिनिटांपेक्षा जास्त काळ कोणाला कामाचे ठरता येत नाही, त्याला दोन मिनिटे आनंदाचे ठरायला काय हरकत आहे? बाहेर पिशव्या सांभाळायला घरची माणसे असतीलच. मी त्या रांगेत नक्की उभा राहीन. फक्त प्रवेशद्वाराशी वजनकाटा असणार हे उघड आहे, तेव्हा गड्ड्यातला बटाटेवडा उडण्याच्या आधी खायचा की नंतर, एवढे घरून ठरवून निघावे लागेल.