लो-कार्ब नोंदी: खारपाणपट्ट्यातला उन्हाळा

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या भागात, होळीपासून नवतपापर्यंत (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) केलेल्या नोंदी एकत्र टाकतोय. वजनाचं सांगण्यासारखं थोडंच आहे. कंबर उतरतेय, काटा मात्र हटून बसलाय. त्याचा विचार पावसाळ्यात करू. या वेळचा विषय पाणी आणि मीठ.

नव्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. लो-कार्बमध्ये, म्हणजे कर्बोदकं कमी केलेल्या आहारात, भाकरी-भात सुटला की शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवून ठेवलेल्या साखरेचा) साठा उतरतो. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. शिवाय इन्सुलिन खाली आलं की किडनी सोडियम पूर्वीसारखं राखून ठेवत नाही. म्हणून सुरुवातीला डोकं जड, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एसीत बसणाऱ्याचं तेवढ्यावर भागतं. आमच्याकडे वर ४४ अंशांचं ऊन.

एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जातं. माणसागणिक फार फरक. चैत्रात वावरातून आलो की निळ्या शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे उठायचे, कडा वाळून कडक झालेल्या. नवतपात घाम त्याहून जास्त, पण नकाशे फिके. शरीर उन्हाला सरावलं की घामातलं मीठ वाचवायला लागतं. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी मिठाची गरज जास्त, पुढे थोडी कमी, असा माझा आता हिशेब आहे.

मीठ अंदाजाने न घेता सकाळीच काट्यावर तोलून स्टीलच्या डबीत काढतो: घरी असलो तर ८ ग्रॅम, वावरात जायचं असेल तर १०. भाजी, अंडी, मठ्ठा, सगळं त्या डबीतूनच. लोणच्याची फोड खाल्ली तर चिमूट परत बरणीत. संध्याकाळी उरलं तर कोमट पाण्यात लिंबू पिळून त्यात. माय म्हणते, "मीठ का मोजून खात असते कोनी?" पण ८ ग्रॅम मिठात ३.१ ग्रॅम सोडियम येतं हे मोजल्याशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. माझा आकडा त्याच्या वर आहे, म्हणून रक्तदाबाची वही वेगळी ठेवलीय आणि डॉक्टरांना ती दाखवतो. बीपीची गोळी चालू असणाऱ्याने माझी डबी उचलू नये.

सैंधवाचं कौतुक बरंच ऐकतो. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. बाकी खनिजं नावापुरती, आणि आयोडीनचा भरवसा नाही. आपलं साधं आयोडीनयुक्त बरं.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातल्यांना सांगायला नको, आमच्या बोअरचं पाणी डाळ शिजू देत नाही. पेनासारखा टीडीएस मीटर आणला; पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम ते तो दाखवतो. बोअरचं पाणी १,९०० च्या आसपास, आरओच्या जारचं ४० च्या खाली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. पण मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. त्यामुळे बोअरच्या पाण्यावर "मीठ मिळतंय की" म्हणून विसंबायचं नाही. उलट जारच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही उरत नाही. वरून लो-कार्ब, वरून घाम, आणि कोणी "पाणी पी, पाणी पी" म्हणत पाच-सहा लिटर जारचं पाणी पाजतं. अशाने रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी होते, आणि फार झालं तर प्रकरण दवाखान्यात जातं. मी तहानेप्रमाणे पितो आणि वावरात बाटलीऐवजी पातळ खारट मठ्ठा नेतो. १०० ग्रॅम दह्यात ४-५ ग्रॅम कार्ब, ते दिवसाच्या हिशेबात बसतात.

पोटॅशियम फक्त ताटातून. पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला. उकळून पाणी फेकलं तर निम्मा माल पाण्याबरोबर गेला, म्हणून झाकण ठेवून त्याच पाण्यात आटवायचं. मटणाचा रस्सा असेल तर प्रश्नच नाही. दुकानातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. आमच्या पट्ट्यात किडनीची दुखणी ठाऊक आहेतच. अशा घरात, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असताना, ते मीठ विचारल्याशिवाय आणू नका.

मॅग्नेशियमसाठी जवसाची चटणी. दोन चमच्यांत साधारण २० ग्रॅम जवस धरला तर ८० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कार्ब जवळपास सगळे तंतूच. भाकरीविना चटणी खायची कशी, हा प्रश्न रास्त आहे. मी वांग्याच्या भरतावर टाकतो, वरून कच्चं तेल. रात्री पोटरीत येणारे गोळे मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी थांबतात असं सर्रास सांगतात. त्याला पुरावा तोकडा आहे. माझे मिठानेच कमी झाले.

ओआरएसबद्दल (जुलाबात देतात ती मीठ-साखरेची पुडी) वारंवार विचारणा होते. एका लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते सोडियम आतड्यातून आत ओढायलाच घातलेलं असतं. जुलाब लागले, ऊन बाधलं, तर कीटोसिस (कार्ब कमी केल्यावर शरीर चरबीवर चालतं ती अवस्था) गेलं खड्ड्यात, पुडी प्या. ताप चढून माणूस बरळायला लागला तर पुडी-बिडी नको, अंग ओलं करत सरळ दवाखाना.

मृग लागला (जूनच्या सुरुवातीला) की डबी ६ ग्रॅमवर आणून बघणार आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचं कोणी लो-कार्ब करत असेल तर आपले आकडे टाका. तिकडचं ऊन आमच्यापेक्षा ओलं, घामाचा हिशेब वेगळा निघेल.