आमची वाटचाल : एका गाडीला एकच किल्ली

बेळगावच्या खडे बाजारात आमच्या वडिलांनी किल्ल्या करून देण्यास सुरुवात केली, तेव्हा घरांची, कपाटांची आणि तिजोऱ्यांची कुलपे हेच त्यांचे मुख्य काम होते. जुन्या जीप आणि जिप्सींच्या दरवाजांची लॉक उतरवून ती एकाच किल्लीवर आणून देणे, ही आमच्या दुकानाची आजची ओळख नंतर हळूहळू घडली, आणि ती घडवण्यात इथल्या पावसाचा वाटा मोठा आहे.

खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या पट्ट्यात पाऊस कसा पडतो, हे बेळगावकरांना सांगायला नको. या भागातल्या शेतवाड्यांवर आणि काजूच्या बागांमध्ये जुन्या फोर-व्हील गाड्या अजूनही रोज राबतात. १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी, १९९६ पासूनची १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आणि महिंद्राच्या जुन्या जीप मालकांनी जिवापाड जपलेल्या आहेत. परंतु दरवाजाच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके लाल चिखलाने बुजली, की पाणी आतच साचते, पत्रा खालून गंजतो आणि मालक स्क्रॅपच्या बाजारातून दुसरा दरवाजा आणून बसवतो. त्या दरवाजाबरोबर दुसऱ्या गाडीचे लॉकही येते. अशा रीतीने इग्निशनला एक, उजव्या दाराला दुसरी आणि मागच्या दाराला तिसरी किल्ली असलेल्या गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या.

त्या काळी यावर एकच उपाय सुचवला जाई, तो म्हणजे सगळी लॉक काढून बाजारातला नवा सेट बसवणे. वडिलांना हे पटत नसे. मूळ लॉकचे ओतकाम आणि आतल्या पितळी पत्त्या, म्हणजे किल्लीच्या खाचांशी जुळणारे चपटे तुकडे, बहुधा चांगल्या स्थितीत असतात, बिघडलेली असते ती फक्त त्यांची जुळणी, असे त्यांचे मत होते. लॉक खोलून पत्त्या जुळवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि पुढे आम्हा दोघा भावांनाही तेच शिकवले.

या कामात घाई चालत नाही. प्रथम काच पूर्ण वर चढवून घ्यावी लागते, कारण खाली असलेली काच आत हात घालू देत नाही. काच फिरवण्याच्या हँडलमागे तारेची बारीक क्लिप असते. कापडाची पट्टी तिथे अडकवून मागेपुढे ओढली, की ती निसटते आणि हँडल हातात येते. मग आतली मूठ आणि ट्रिमचा, म्हणजे दरवाजाच्या आतल्या अस्तराचा, पुठ्ठा उतरतो. त्यामागचे प्लास्टिकचे कापड न फाडता सोडवणे आम्ही फार महत्त्वाचे मानतो, कारण ते नीट परत चिकटवले नाही तर पहिल्याच पावसात पुठ्ठा फुगून वर येतो. आत हात घालून लॉकला जोडलेली सळई सुटी केली आणि लॉकला पत्र्याशी धरून ठेवणारी यू आकाराची क्लिप पकडीने बाजूला सरकवली, की लॉक बाहेरच्या बाजूने अलगद निघते. त्याच्या आणि पत्र्याच्या मधली गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी चकती, वाळली असेल तर ती बदलतोच, कारण दरवाजाला पहिला गंज पुष्कळदा तिथेच धरतो.

लॉकच्या आतल्या बॅरलमध्ये, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या नळकांड्यात, एकामागोमाग एक चपट्या पत्त्या असतात आणि प्रत्येकीला स्वतःची स्प्रिंग असते. योग्य किल्ली घातल्यावर सर्व पत्त्यांच्या कडा बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट होतात आणि बॅरल फिरते. एखादी जरी बाहेर डोकावली तरी ते अडते. पत्त्यांमधल्या खाचांची उंची वेगवेगळी असते, म्हणून त्यांची अदलाबदल करून, लागल्यास जुन्या लॉकमधील पत्त्या वापरून, हव्या त्या किल्लीला लॉक जुळवता येते. बाहेर आलेली पत्ती कानशीने घासून सपाट करण्याची पद्धत सर्रास दिसते. आम्ही ती टाळतो, कारण घासलेल्या लॉकमध्ये नको ती किल्लीही फिरू लागते.

खरी कसोटी लागते ती झिजलेल्या किल्लीची. वर्षानुवर्षे वापरलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली, तर तिची झीजही तशीच उतरते, आणि त्या डुप्लिकेटवरून पुन्हा काढलेली किल्ली कधी लागते, कधी लागत नाही. अशा वेळी आम्ही डाव्या दाराचे लॉक आधी उघडतो. चालक उजवीकडून चढतो, त्यामुळे डावे लॉक सर्वांत कमी वापरलेले असते आणि त्यातील पत्त्यांवरून मूळ खाचांची खोली कळते. त्या मापाने कोऱ्या किल्लीवर खाचा पाडल्या, की गाडीला जणू कारखान्यातली पहिली किल्ली परत मिळते. जोडणी करताना तेलाऐवजी ग्रॅफाइट पावडर घालतो. तेलाला धूळ चिकटते आणि उन्हाळ्यात खानापूरकडच्या कच्च्या रस्त्यांवर धुळीला तोटा नाही.

सीमाभागात असल्यामुळे आमच्याकडे बेळगावच्या केए २२ बरोबरच कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या आणि गोव्याच्या गाड्याही येतात. चंदगडचे शेतकरी मराठीत बोलतात, बैलहोंगलकडचे कन्नडमध्ये, चोर्ल्यावरून आलेले कोंकणीत, आणि दुकानात तिन्ही भाषा चालतात. कागदपत्रांचा नियम मात्र सर्वांना सारखाच आहे. आरसी बुक आणि मालकाचे ओळखपत्र पाहून, नोंदवहीत सही घेतल्याशिवाय आम्ही किल्ली करून देत नाही. लिलावात घेतलेली गाडी नावावर व्हायची असेल तर लिलावाची पावती पाहतो. यामुळे काही गिऱ्हाइके परत गेली, तरी वडिलांनी घालून दिलेला हा नियम आम्ही मोडलेला नाही.

धाकटा भाऊ आता किल्ली कापण्याचे यंत्र सांभाळतो आणि लॉकची जुळणी मी पाहतो. मोडलेल्या गाड्यांमधून मिळालेली लॉक आम्ही पत्त्यांसाठी जपून ठेवतो, कारण बंद पडलेल्या मॉडेलांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. म्हणून मालकांना विनंती आहे, की गाडी आणताना लागणारी, न लागणारी, तुटलेली अशी प्रत्येक किल्ली सोबत आणावी, आणि दरवाजा बदलला असेल तर जुन्या दरवाजाचे लॉक भंगारात देण्यापूर्वी आम्हाला दाखवावे.