परभणीत बसून समुद्रातल्या प्रवाळाचं नाव का बदलायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, स्टाफरूममध्ये येतो, बँकेच्या रांगेतही येतो. "सर, इथं प्यायच्या पाण्याची मारामार, अन् तुम्ही समुद्रातल्या प्रवाळाची नावं बदलत बसता. एका जातीच्या तीन केल्या काय अन् नाही केल्या काय, काय फरक पडतो?"

फरक पडतो, आणि बराच पडतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. सराफाकडच्या अंगठीतलं लाल पोवळं हा माझा विषय नाही. त्या जिवाला तोंडाभोवती आठ शुंडकं (मऊ बोटांसारखे अवयव) असतात आणि तो प्रवाळखडक रचत नाही. माझ्या अभ्यासातल्या प्रवाळांची शुंडकं सहाच्या पटीत असतात. पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचा सांगाडा रचत हे जीव मोठमोठे खडक उभे करतात.

कॅरिबियन समुद्रात असंच एक प्रवाळ आहे, मोंटास्ट्रिया ॲन्युलॅरिस. तिथल्या खडकांचा मोठा भाग त्यानंच रचलेला. कुठं ते खांबांसारखं वाढतं, कुठं त्याचा मोठा गुळगुळीत ढीग होतो, तर कुठं ओबडधोबड गाठी आणि थर दिसतात. जात एकच, उजेड आणि खोली बदलली की रूप बदलतं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. हे मानणं वेडेपणाचं नव्हतं. ज्वारीचं एकच बी काळ्या रानात डोक्याच्या वर जातं आणि मुरमाड रानात कमरेशी थांबतं, हे आपण दरसाल बघतो. प्रवाळातही असं होतं. उथळ पाण्यात ढीग करणारी वसाहत, म्हणजे एकमेकांना जोडून वाढलेल्या चिमुकल्या जिवांचा गठ्ठा, खोल, अंधाऱ्या पाण्यात पसरट होते.

पण एकाच रानात, एकाच तासाला लागून दोन तऱ्हेची ताटं उभी असली तर जमिनीला बोल लावता येत नाही, बियाणंच वेगळं म्हणावं लागतं. पनामाच्या किनाऱ्यावर नेमकं हेच दिसलं. तिन्ही रूपं एकाच खोलीवर शेजारी शेजारी वाढत होती. प्रवाळांच्या अभ्यासक नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवून दिलं की त्यांची प्रथिनंही वेगळी आहेत. 1994 मध्ये वाइल आणि नोल्टन यांनी तीन जाती वेगळ्या मांडल्या: ॲन्युलॅरिस, फॅव्हिओलाटा आणि फ्रँक्सी. नवी नावं शोधावी लागली नाहीत. पहिली दोन 1786 पासून आणि तिसरं 1895 पासून कागदावर होतंच. मधल्या काळात कुणीतरी सगळ्यांना एका नावात कोंबलं होतं. पुढं 2012 साली या तिघींची प्रजातीही, म्हणजे जोडनावातला पहिला शब्द, बदलली आणि त्या मोंटास्ट्रियाच्या ऑर्बिसेला झाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते सांगतो, कारण मला त्याचं वेड आहे. ऊतक काढून टाकलेल्या सांगाड्यावर दोन-तीन मिलिमीटरचे गोल खळगे असतात. प्रत्येक खळग्यात एकेक पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक जीव, राहत होता. कडेपासून मध्याकडं उभे पातळ पडदे येतात, बहुधा 24. त्यातले बारा मध्यापर्यंत पोचतात आणि त्यांच्या मधले बारा आखूड राहतात. कॅव्हर्नोसा नावाच्या नातेवाइकाचे खळगे मोठे आणि पडदे 48, म्हणून तो लगेच ओळखू येतो. या तिघींत मात्र सहसा 24 च सापडतात. तिथं मोजणी उपयोगाची नाही. वसाहतीची कडा, उंचवटे, पडद्यांवरचे दात, सगळं एकत्र बघावं लागतं.

"डीएनए काढा की मग," असं विद्यार्थी म्हणतात. तेही सरळ नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, त्यांचा डीएनए नमुन्यात मिसळतो. शिवाय इतर प्राण्यांच्या जाती ओळखायला वापरतात तो मायटोकाँड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए कठीण प्रवाळांत इतका सावकाश बदलतो की जवळच्या जातींत फरकच दिसत नाही.

सगळ्यात बोलका पुरावा रात्रीचा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पौर्णिमेनंतर साधारण सहा-सात दिवसांनी ही प्रवाळं बीजांडं आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. फ्रँक्सी बाकी दोघींच्या दीड-दोन तास आधी सोडते. प्रयोगशाळेत फ्रँक्सी आणि ॲन्युलॅरिस यांचा संकर होतो, पण समुद्रात तेवढ्या वेळात शुक्राणू पांगून जातात. फॅव्हिओलाटाची वेळ ॲन्युलॅरिसशी जुळते, पण त्यांचं फलन नीट होत नाही. म्हणजे एका जोडीत वेळ आडवी येते आणि दुसऱ्या जोडीत बीजांडंच. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलंच नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. प्रवाळाच्या सांगाड्यात दरवर्षी थर बसतात. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड प्रकारांवरून, जुन्या समुद्राचं तापमान काढतात. या जातींत वाढीचा वेग वेगळा आणि समस्थानिकांचं प्रमाणही वेगळं. तिघींना एक समजून थर वाचले, तर जातीतला फरक तापमानातला फरक म्हणून नोंदला जातो. पावसाच्या अंदाजाकडं डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्याला चुकीचं तापमान म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

सगळं सुटलंय असंही नाही. पनामात या तिघी स्पष्ट वेगळ्या पडतात, बहामात मात्र सीमा पुसट होते. तिथं संकर झाला असावा असं दिसतं. मला हे अपयश वाटत नाही. जाती अजून घडत असतील तर रेघ पुसटच दिसणार.

असं पॅसिफिकमध्येही चाललंय. ग्रेट बॅरियर रीफवर ॲक्रोपोरा टेन्युइस या नावानं ज्या प्रवाळावर ढीगभर प्रयोग झाले, ते टेन्युइस नाहीच, हे 2023 साली मांडलं गेलं. खरी टेन्युइस फिजीची. ऑस्ट्रेलियातलीला केंटाय हे जुनं नाव परत मिळालं. जुने निबंध त्यामुळं वाया जात नाहीत, पण त्यातली जात नेमकी कुठली हे तपासायला नमुन्याचा तुकडा किंवा चांगला फोटो जपलेला लागतो.

म्हणून मालवणला किंवा लक्षद्वीपला निघालेल्या विद्यार्थ्यांना मी बजावून सांगतो: तुकडा तोडायचा नाही, कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आधी सगळ्या वसाहतीचा फोटो घ्या. मग पट्टी शेजारी धरून खळगे दिसतील इतका जवळून दुसरा, आणि खोली तिथल्या तिथं पाटीवर लिहा.