एकोणीस माणसं

रविवार, रात्री साडेनऊ. पाऊस सकाळपासून एका लयीत. वीज दोनदा जाऊन आली.

आज उपासनेला एकोणीस माणसं. त्यात दोन पोरं, आणि एक पाहुणा, जो बहुतेक पावसाला आडोसा म्हणून शिरला आणि मग संकोचानं शेवटपर्यंत बसून राहिला. पाळकसाहेबांनी चाळीस मिनिटं उपदेश केला. कौलांवर पाऊस असा बडवत होता की निम्मा उपदेश ओठांवरून वाचावा लागला. अर्पणाच्या नोटा ओल्या झाल्या, त्या पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरून ठेवल्यात. खजिनदार केलं तेव्हा हे काम कुणी सांगितलं नव्हतं.

येताना शेजारच्या काकी पडवीतून ओरडल्या, "ओ बाई, आज किती माणसां इल्ली?" आकडा सांगितला. "ह्या पावसात? खूप झाली!" वेंगुर्ल्यात आमच्या मंडळीचा हिशेब हिंदू शेजारणीलाही पाठ आहे.

दुपारी जेवण झाल्यावर भाच्यानं फोन कपाला टेकवून उभा केला. पुण्याहून आलाय, तिथे तो पडदे-गिटारवाल्या चर्चला जातो आणि पाळकाला पास्टर म्हणतो. "मावशी, दहा मिनिटं बघ, मग बोल." रिक वॉरन. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे. बघितलं. माणूस थोराड, शर्ट बाहेर सोडलेला, गप्पा मारल्यासारखा बोलतो.

मी पाळकाची मुलगी. मोठ्या चर्चचा पास्टर म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, हे खरंच आहे. दर आठवड्याला दोन हजारांवर माणसं आली की त्याला मेगाचर्च म्हणतात म्हणे. सॅडलबॅकला वीस हजार येतात. भाचा आकडे सांगत होता आणि मी आमसुलं निवडत होते. मग तो म्हणाला, "याचे वडीलपण खेड्यातल्या छोट्या चर्चचे पाळक होते." माझा हात थांबला.

संध्याकाळपर्यंत मग मीच खोदून खोदून विचारत बसले. वॉरन 1980 साली बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन त्या भागात आला. खिशात पैसे नाहीत, ओळख नाही. घर शोधायला ज्या एजंटाकडे गेला, तोच त्याच्या मंडळीचा पहिला सभासद. दारोदार फिरून विचारलं, तुम्ही चर्चला का जात नाही? लोक म्हणाले, उपदेश कंटाळवाणा, नव्या माणसाशी कुणी बोलत नाही, सगळं लक्ष पैशावर, पोरांना सांभाळायची सोय नाही. (हे आमच्या कार्यकारिणीत कुणी वाचून दाखवलं तर बैठक तिथेच मोडेल.) त्या ईस्टरला दोनशेच्या आसपास माणसं आली. पुढची पंधरा वर्षं इमारतच नव्हती. शाळांचे हॉल, तंबू, मिळेल ती जागा. आम्ही लोक आधी इमारत बांधतो आणि मग माणसं मोजतो.

वीस हजारांत पाळकाला माझं नाव कसं कळणार, हा माझा हुकमी प्रश्न. त्यावर भाच्याकडे उत्तर तयार: घरोघरी आठ-दहा जणांचे गट असतात, आजारपणात तेच धावून येतात. म्हणजे बाबा बुधवारी सायकलवरून जाऊन घ्यायचे त्या प्रार्थनासभाच की. फरक इतका की इथे सगळ्या सभा एकटे बाबाच घ्यायचे.

पैशाच्या गोष्टीनं मी एवढी विरघळले नाही. 2002 साली त्याचं पुस्तक आलं, तीन कोटींच्या वर खपलं. मग त्यानं पगार बंद केला, आधीच्या पंचवीस वर्षांचा चर्चला परत दिला, आणि आता कमाईचा नव्वद टक्के भाग देऊन टाकतो. चांगलंच आहे. पण आपल्या दापोलीकडच्या करजगावात जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, तेव्हा त्यांच्यामागे खपणारं कुठलं पुस्तक नव्हतं.

बायकांना पाळक नेमलं म्हणून 2023 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या त्यांच्या पंथाच्या संघटनेनं सॅडलबॅकला बाहेर काढलं, तिथे मात्र मी वॉरनच्या बाजूची. आईनं आयुष्यभर निम्मी पाळकी केली आणि तिला लोक 'पाळकीणबाई' म्हणत राहिले, बस.

मला हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यानं सुरुवातीलाच ठरवलं होतं की आयुष्य एकाच ठिकाणी काढायचं, आणि 2022 साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. बेचाळीस वर्षं! बाबांना दर चार वर्षांनी वरून बदलीचं पत्र यायचं. वेंगुर्लं, मग घाटावर दोन गावं, मग रत्नागिरी. पत्र्याच्या दोन ट्रंका, आईची वाजवायची पेटी, आणि आम्ही. जातील तिथे बाबा आवारात हापूसचं कलम लावायचे. पहिलं तर इथल्या फळ संशोधन केंद्रातून आणलं होतं. खड्ड्यात शेणखत घालताना त्यांनी मला आणि दादाला आळं करायला शिकवलं. कलमाला नीट आंबा धरायला पाच-सहा वर्षं लागतात. स्वतः लावलेल्या एकाही झाडाचा आंबा त्यांनी खाल्ला नाही. नव्या पाळकांच्या पोरांना होतील म्हणायचे, आणि आई तोंड फिरवायची.

शेवटी भाच्यानं आणखी एक सांगितलं, जरा हळूच. 2013 मध्ये वॉरनच्या धाकट्या मुलानं आत्महत्या केली. सत्तावीस वर्षांचा होता, लहानपणापासून मनाच्या आजाराशी झगडत होता. बाप-आईनं लपवलं नाही, उघड बोलले. वॉरन चारेक महिने उपदेशाला उभा राहिला नाही. जुलैच्या अखेरीस परत आला.

चार महिने. मोठ्या चर्चमध्ये बाकीचे पास्टर असतात, काम चालू राहतं. मोठेपणाचा हा फायदा माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता.

दादा गेला 1973 च्या श्रावणात, तापानं. चौदा वर्षांचा. मी दहा. शुक्रवारी गेला. दफनविधी बाबांनीच केला, कारण दुसरा पाळक यायचा तर घाट बंद होता. रविवारी घंटा झाली. आईनं त्या दिवशी पेटी वाजवली नाही, बाकी सगळं रोजच्यासारखं.

भाचा झोपल्यावर कपाट उघडलं. खजिनदाराकडे जुन्या नोंदवह्या असतात. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण ते पान शाबूत आहे. बाबांचं अक्षर, निळी शाई, एकही खाडाखोड नाही:

उपस्थिती 34. अर्पण रु. 11.35. पाऊस.